वळणाखालचा खडक

संस्कृती पाण्याला इतकी भ्यायची, की सोमनाथदादा तिला चारचौघांत 'भित्री भागूबाई' म्हणायचा. एका पावसाळ्यात तो आपली जीप घेऊन कन्नडहून संभाजीनगरला निघाला, तो परतलाच नाही. शहर वाढत होतं, गेलेली माणसं तिकडंच रमत होती, म्हणून कुणी फारसं शोधलंही नाही.

दादा आला की त्याला पोहूनच दाखवायचं, या हट्टानं ती गावच्या तलावात लक्ष्मणकाकांकडून पोहायला शिकली. पहिल्यांदा तलाव पार करताना पलीकडं, संभाजीनगरच्या रस्त्याच्या वळणाखाली तिचा दम संपला. पायाला सपाट खडक लागला म्हणून वाचली. मग रोज ती त्या खडकापर्यंत जायची, छातीभर पाण्यात उभी राहून काठावरच्या काकांना हात करायची.

"आता ही कुणाच्या बापाला भीत नाय," काका सगळ्यांना सांगायचे.

पुढं दोन वर्षं पाऊस रुसला. ती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कंपनीत कामावर असताना काकांचा फोन आला.

"तलाव आटलाय, पोरी. तू ये फक्त."



वळणाखाली दादाची जीप गाळात रुतून उभी होती, आणि टपावरचं शेवाळ तिच्या दोन पावलांपुरतंच निघालेलं होतं.