धोंडीबाईची अंगाई

बाळांच्या कपड्यांच्या दुकानाने निकिताला व्हिडिओ पाठवला होता: ‘प्रत्येक बाळाच्या नावाची एआयने रचलेली वेगळी अंगाई.’ जन्मतारीख, झबल्याचं माप, गंगापूर रोडवरचा पत्ता, बिल करताना सगळं तिनेच भडाभडा सांगितलं होतं. आता लेकीचं नावही परक्या मशीनच्या तोंडी? घाबरतच तिने व्हिडिओ लावला: “नीज नीज धोंडीबाई, टोपी नवी आणेल आई...” “आई, धोंडी कोण?” तिने विचारलं. “मीच सांगितलं तसं,” सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या. “तू पिशव्या उचलत होतीस तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं बाळाचं नाव विचारलं. परक्याला खरं नाव सांगू नये गं, दृष्ट लागते.” एरवी निकिताने वाद घातला असता. आज तिचा जीव भांड्यात पडला. फोन धोंडीबाईला आळवत राहिला. बाळाने ढुंकूनही पाहिलं नाही. निकिताने वाकून लेकीच्या कानात खरं नाव म्हटलं. बाळ चटकन वळलं आणि हसलं.