हिरवा पाला

दार लागलं आणि कस्तुराबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली. रविवारची दुपार. आत लॅपटॉपवरची ती चष्मेवाली बाई आता बोलायला लागणार आणि मुलगा नि सून खांद्याला खांदा लावून तिच्यापुढं बसणार. एरवी ही दोघं एका वेळी एका खोलीत सापडायची मुश्कील. पण म्हातारीचा काटा काढायचा म्हटल्यावर कशी एक झाली होती!

त्या बाईबद्दल कस्तुराबाईंना पहिल्यापासून संशय होता. कोण ती, असं विचारलं तेव्हा बिभीषण म्हणाला, "बँकेची हाय." करुणा म्हणाली, "दवाखान्यातली मीटिंग असती, आत्याबाई." एकाच बाईच्या दोन नोकऱ्या! कस्तुराबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण जन्मभर मेंढरं विकताना त्यांनी भलेभले व्यापारी पाणी पाजून परत पाठवले होते. त्यांना कोण फसवणार?

गेल्या खेपेला त्यांनी दाराला कान लावला होता. करुणाचा आवाज आला, "आधी आत्याबाईंचं काय ते ठरवा." मग ती बाई गोड आवाजात काहीतरी बोलायला लागली. कस्तुराबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. वृद्धाश्रमवालीच असणार. त्यांनी पॅसेजमधल्या वायफायच्या डबीचं बटन बंद केलं. डबीवरचे हिरवे दिवे गेले, आत बाईचा आवाज तुटला. "नेट गेलं," बिभीषण वैतागला. दोघं बाहेर आली ती मुक्यानंच. एक गॅलरीत गेला, दुसरी स्वयंपाकघरात. मोडला एकदाचा कट, म्हणून कस्तुराबाई मनात खूश झाल्या. त्याच्या आधीच्या रविवारीही त्यांनी हेच केलं होतं.

जाणार तरी कुठं होत्या त्या? कन्नड तालुक्यातल्या गावात लागोपाठच्या दुष्काळानं काही ठेवलं नव्हतं. मेंढरं विकून त्या इथं शहराच्या टोकाला, पडेगावात मुलाच्या फ्लॅटवर आल्या होत्या. इथं माळ जाऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. तरी हे घर होतं. ते सुटलं तर पाठ टेकायला भिंत नव्हती.

आणि टाकून द्यायच्या जिवाचं कसं ठरतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उन्हाळ्यात कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठी निघताना, जी म्हातारी मेंढी चालणार नाही ती वाटेवरच्या गावात कुणाला तरी देऊन टाकायची. ते ठरवायचं कळपापासून लांब, हळू आवाजात. आणि जाण्याआधी तिला चांगला हिरवा पाला घालायचा. कस्तुराबाईंनी स्वतः अशी एक मेंढी मागं सोडली होती. ती लांबवर ओरडत होती आणि त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

आता त्यांच्यापुढं पाला पडत होता. बिभीषण कंपनीतून येताना गुपचूप खव्याची जिलेबी आणायचा. "करुणाला नको सांगू." करुणानं सुट्टी काढून त्यांच्या डोळ्यांना नवा चष्मा करून आणला, पाय चेपून दिले, वर म्हणाली, "ह्यांना नका सांगू, आत्याबाई." सख्खी लेक करणार नाही एवढं! इतकी माया उगाच येत नसते. कस्तुराबाईंनी गाठोडं बांधून कपाटामागं ठेवून दिलं होतं.

आज त्यांचा हात बटनापर्यंत गेला आणि थांबला. असं किती रविवार लपूनछपून जगायचं? त्यांना रागही आला आणि रडूही आलं. त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि दार ढकललं.

"मला सोडायचं तर तोंडावर सांगा. मी काय मुकं जनावर नाय!"

बिभीषणनं मान खाली घातली. करुणानं पदरानं डोळे पुसले. दोघांच्या खुर्च्यांमध्ये तिसरं माणूस बसेल एवढी जागा होती.

"या आई, बसा," पडद्यावरची बाई म्हणाली. "मी सुकेशनी. नवरा-बायकोचं पटेनासं झालं की मी त्यांना समोरासमोर बोलायला बसवते. हे दोघं वेगळे व्हायचं म्हणतात. घर, सामान, सगळं ठरलं. फक्त तुम्ही कुणाकडे राहायचं, यावर अडलंय. दोघंही तुम्हाला सोडायला तयार नाहीत. एवढं ठरलं की पुढच्या रविवारपासून यांना एकत्र बसायचं कारण उरणार नाही. पण हा विषय निघाला की नेमकं नेट जातं."

कस्तुराबाई मटकन पलंगावर बसल्या. जिलेबी आठवली, चष्मा आठवला. तो पाला म्हातारीला टाकून द्यायला नव्हता, आपापल्याकडे ओढून न्यायला होता. संसार मोडत होता तो या दोघांचा, आणि आपण मात्र आपल्याच गाठोड्याला कवटाळून बसलो!

"मग तुम्हीच सांगा, आई," सुकेशनी म्हणाली. "कुणाकडे राहणार?"

बिभीषणनं आईकडं पाहिलं. करुणानंही पाहिलं. मग पहिल्यांदाच त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, घाबरून. कस्तुराबाईंच्या नव्या चष्म्यातून ते बरोबर दिसलं.

"असं घाईनं कसं सांगू? इचार करावा लागंल," त्या उठत म्हणाल्या. "पुढल्या रविवारी इचारा. पर दोघांनी संगं बसून इचारायचं. नायतर मी सांगणार नाय."

बाहेर येऊन त्यांनी दार नीट ओढून घेतलं. गाठोडं सोडून लुगडी परत कपाटात ठेवली. मग मेथीची जुडी उचलली आणि वायफायच्या डबीला हात पोचेल, अशा बेतानं निवडायला बसल्या.