नव्वद अंशांचा जावई

काटकोन तपासायचा गुण्या आणि लोखंडी ठोकळा यांच्या मधल्या फटीतून उजेड आला. श्यामकांतांनी मान हलवली.

"काटकोन नाही," ते ओजसला म्हणाले.

श्यामकांतांची हयात विक्रोळीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी विलेपार्ल्याच्या घरातल्या बंद गॅलरीत एक छोटं मिलिंग मशीन बसवलं. पत्रिकेवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या रेवतीला मागणी घालणाऱ्याने या मशीनवर लोखंडाचा एक ठोकळा कापून दाखवायचा. काटकोनाच्या गुण्याला ठोकळा घट्ट बसला, मध्ये उजेड दिसला नाही, तर पुढचं बोलणं. नाहीतर पोहे खाऊन घरी जायचं. विशाल असाच पोहे खाऊन गेला, मुकुलही गेला. दोघंही चांगले इंजिनिअर होते. ओजसला मात्र रेवतीने स्वतः निवडलं होतं. परीक्षा घेणारा बाप तेवढा तोच होता.

"बाबा, आज राहू दे ना," गॅलरीच्या दारातून रेवती म्हणाली. मघापासून ती नखं कुरतडत होती.

"काका, मशीन तपासू का?" ओजसने विचारलं. मुलुंडला त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. वाकडा ठोकळा त्याच्या हातून निघत नसे, आणि आज नेमका इथे निघाला होता.

"तपास. मशीनला नावं ठेवणारे आधीचेही होते."

ओजसने कटर काढला, त्या जागी बारीकसा फरकही काट्याने दाखवणारा डायल बांधला आणि टेबलावरून हाताने सावकाश गोल फिरवला. डावीकडून उजवीकडे जाताना काटा केसभर हलला. "हेड कललंय," कटर धरणाऱ्या भागाकडे बोट दाखवत तो म्हणाला. श्यामकांतांनी चष्मा पुसून पाहिलं. कललं होतं खरं. ओजसने बोल्ट सैल केले, हातोडीने हलकेच टकटक केली, पुन्हा आवळले. आता डायल पूर्ण फिरला तरी काटा ढिम्म. श्यामकांत "बरं" म्हणाले. त्या घरात ही फार मोठी शाबासकी होती. आत त्यांच्या बायकोने, पद्मजाबाईंनी, पोह्यांना फोडणी घातली.

ठोकळा पुन्हा कापला. गुण्या लावला. उजेड आला.

मग ओजसने ठोकळा पकडणारा व्हाइस उचलला, खालचा कीस पुसला, त्याच्या जबड्यावरून डायल फिरवून पाहिला. सगळं चोख. तिसऱ्यांदा कापला. गुण्या लावला. तस्साच उजेड.

"ओजस, सोड ना यार. नंतर बघू," रेवती काकुळतीला आली.

"तू थांब गं!" दोघंही एकदम म्हणाले. सासऱ्या-जावयाचं इतकं एकमत तोवर कशावरच झालं नव्हतं.

आता संशय घ्यायला एकच वस्तू उरली होती, आणि ती श्यामकांतांच्या हातात होती. तो गुण्या त्यांना निरोप समारंभात मिळाला होता आणि मखमली पेटीत राहत होता. त्याला वाकडं म्हणण्यापेक्षा सासऱ्याच्या नाकाला वाकडं म्हणणं सोपं. पण रेवती हातची जाणार, हे दिसत होतं. त्याने टेबलावर कागद चिकटवला, कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच जागेपासून दुसरी. गुण्या खरा असता तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या असत्या. त्या वर जाता जाता फाकल्या.

"काका, मशीन सरळ आहे. ठोकळाही सरळ आहे." त्याने पेन्सिल त्यांच्यापुढे धरली.

श्यामकांतांनी रेघा स्वतः मारून पाहिल्या. मग ते स्टुलावर बसले. त्यांना खरोखर लाज वाटली. "म्हणजे विशालचा ठोकळा... मुकुलचाही... बरोबर होता? दोघांना आत्ता फोन करतो. माफी मागतो. म्हणावं, पुन्हा या."

"अहो, नको!" पद्मजाबाई झारा घेऊन धावत आल्या. "माझंच चुकलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली होती ना, तेव्हा नारळ काही केल्या फुटेना. मग मी हा घेतला."

"अगं, हे मोजायचं हत्यार आहे!"

"जड होतं ना पण."

"आई, पुरे," रेवती म्हणाली. "नारळ कोयत्यानेच फुटला होता. बाबा, ते दोघं मला पसंत नव्हते, आणि तू ठोकळ्याशिवाय कुणाला काही विचारत नव्हतास. गुण्या वाकवायला मला एक फटका पुरला रे. ओजस येणार म्हणून आठवडाभर सरळ करायला बघतेय, ते मात्र जमलंच नाही."