शांततेची पाटी

दुष्काळानं ऊस करपला, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मग मुकादमानं नेकनूरची ऊसतोड टोळी पुण्याकडं गोल्फच्या मैदानावर गवत कापायला नेली. तिथं निमंत्रित महिला खेळाडूंची व्यावसायिक स्पर्धा होती. कापलेलं कोवळं गवत खड्ड्यात टाकताना टोळीतल्या भिवराबाईचा जीव तुटायचा. तिनं गुपचूप दोन पोती भरून गावाकडं, चारा छावणीत बांधलेल्या आपल्या गाईसाठी धाडली. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीही तिच्या हाती ‘शांतता राखा’ची पाटी होती; खेळाडू फटका मारताना ती वर धरायची. नवऱ्याचा फोन आला. “गवत पोचलं गं! आपल्याच गाईला कसं घालावं? समद्या छावणीला वाटलं.” हरखून तिनं फोन कानाशी धरूनच शेजारच्या सुपरवायझरला सांगितलं. तो दचकला. “बाई, त्या गवतावर विषारी औषध मारलंय!” नवऱ्याला सांगायला तिनं तोंड उघडलं. इतक्यात खेळाडूनं चेंडूवर काठी रोखली. सुपरवायझरनं ओठांवर बोट ठेवलं. सवयीनं पाटी वर गेली. कानाशी नवरा विचारत होता, “बोल की! कावून गप झालीस?”