गणपूर्ती

नगरपरिषदेच्या सभेत विषय क्रमांक अकरा आला तेव्हा सभागृहात आठच सदस्य उरले होते. बाकीचे हजेरीपुस्तकात सह्या करून तिरोड्याच्या एका लग्नाला निघून गेले होते. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे पाण्याचे भरलेले ग्लास तसेच होते.

मागच्या बाकांवर निवृत्त कर्मचारी बसले होते. तेजराम कटरे त्यांच्यात होता, पण त्याने स्वतः नगरपरिषदेत कधी नोकरी केली नव्हती. त्याची बायको मुन्नीबाई इथे शिपाई होती. एकतीस वर्षे तिने याच सभागृहात पाणी दिले, कागद वाटले. वरचा पंखा फार जोरात फिरायचा. कागद उडू नयेत म्हणून ती प्रत्येकाच्या कागदावर भरलेला ग्लास ठेवायची. निवृत्त होऊन तिला चार वर्षे झाली होती. ग्रॅच्युइटी अजून मिळाली नव्हती.

यंदा त्यासाठी अनुदान आले होते, पण सगळ्यांना पुरेल एवढे नव्हते. म्हणून दोन याद्या होणार होत्या. हयात असतील त्यांना याच महिन्यात पैसे. वारले असतील त्यांच्या वारसांना पुढचे अनुदान येईल तेव्हा, तेही कोर्टातून वारस दाखला आणल्यावर. मागच्या वर्षी एका मेलेल्या माणसाच्या खात्यात पैसे गेले होते, म्हणून या वेळी नावे सभेसमोर पुकारायचे ठरले. कोणी आजारी असेल तर त्याने सही केलेला फॉर्म घरच्या माणसाने आणायचा.

तो फॉर्म तेजरामच्या खिशात होता. मुन्नीबाईने श्रावणात खाटेवर बसून सही केली होती. अकरा दिवसांनी, तान्ह्या पोळ्याला, ती गेली.

"बिमार आहे म्हन," शेजारचा शालीकराम हळूच म्हणाला. तो सफाई जमादार म्हणून निवृत्त झाला होता. "सही खरी आहे ना? मंग झालं. घरी कोन पाहाले येऊन राहिला?"

"दुर्गाप्रसाद मातीले आला होता."

दुर्गाप्रसाद म्हणजे पुढे नावांची यादी घेऊन उभा असलेला बाबू.

"तो बोलनार नाई. वीस वर्सं मुन्नीबाईच्या हातचा चहा पेला त्यानं."

तेजरामने खिशातला फॉर्म चाचपला. नात प्रेरणाची नर्सिंगची फी महिनाअखेरपर्यंत भरायची होती. आजीने तिला शब्द दिला होता.

तेवढ्यात एक सदस्य उठला. "अध्यक्ष महोदया, गणपूर्ती नाही. ठरावाला बारा सदस्य लागतात. आम्ही आठ आहोत."

अध्यक्षबाईंनी हजेरीपुस्तक उघडून त्याच्याकडे फिरवले. "पंधरा सह्या आहेत."

"सह्या आहेत. माणसं कुठी आहेत?"

"अरे भाऊ, सही आहे म्हणजे माणूस हजर आहे. आज ठराव नाही झाला तर अनुदान वापस जाईल, मग शिव्या कोण खाईल? तुम्ही? बसा खाली. चलो, दुर्गाप्रसाद, नावं घ्या."

सदस्य बसला.

"तिकडं पंगतीत जेवून राहिले अन् इथं हजर," शालीकराम पुटपुटला.

नावे सुरू झाली. एकेक जण उठून हजर म्हणू लागला. शालीकराम आपल्या पाळीला एवढ्या मोठ्याने ओरडला की अध्यक्षबाईही हसल्या. "काका, या आवाजावर तर तुम्ही शंभरी गाठाल."

"मुन्नीबाई तेजराम कटरे."

तेजराम उठला. दुर्गाप्रसादने त्याच्याकडे पाहिले आणि लगेच नजर यादीकडे वळवली. "त्या आजारी आहेत, मॅडम. फॉर्म आणला असेल," असे म्हणून त्याने पेन टेकवला.

शालीकरामने मागून सदरा ओढला. तेजरामने तो सोडवून घेतला आणि टेबलापाशी गेला.

"बिमार नाई, बाई. वारली ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

दुर्गाप्रसादने पेन उचलला. 

"वाईट झालं, काका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी ओळखत होते त्यांना. पण मग नाव दुसऱ्या यादीत घ्यावं लागेल."

तेजरामने खिशातून फॉर्म काढला, घडी उलगडली आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हे सही तिनंच केली आहे. स्वताच्या हातानं. जित्ती होती तवा."

"असेल, काका. मी खोटी कुठे म्हणते? पण नुसती सही नाही चालत. माणूस पाहिजे."

तेजरामने टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिले. मग उघड्या हजेरीपुस्तकाकडे पाहिले.

"आताच तं चालली, बाई."

 दुर्गाप्रसाद दोन्ही याद्या हातात घेऊन तसाच उभा होता.

पंख्याच्या वाऱ्याने फॉर्मचा कोपरा उचलला. कागद सरकू लागला. तेजरामने जवळच्या रिकाम्या खुर्चीपुढचा भरलेला ग्लास उचलला, फॉर्मवर ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

ग्लासाला कोणी हात लावला नाही.