ग्रुप फोटो

सरांनी सकाळी बसमध्येच बजावलं होतं, "परक्या देशाची राजधानी आहे, फाजील शहाणपणा नको. चुकलात तर असाल तिथेच थांबा. आम्ही शोधत येऊ." म्हणून संग्रहालयाच्या बाथरूममधून बाहेर आल्यावर आमच्या वर्गातलं एकही माणूस दिसेना, तेव्हा मी दारातल्या पायरीवर बसून राहिले. फोन बसमध्येच राहिला होता. पायऱ्यांवरची कबुतरंही एव्हाना मला घरातलीच समजायला लागली होती.

ऊन पार समोरच्या इमारतीवर चढलं, तेव्हा कोपऱ्यावरून माझी रूममेट धावत येताना दिसली. माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून मी उभी राहिले. "अगं, हळू ये, मी काही पळून जात नाही," असं म्हणणारच होते.

"बरं झालं बाई, तू इथेच आहेस," ती धापा टाकत म्हणाली. "पुलावर सगळे ग्रुप फोटोला उभे राहिलो, तेव्हा कुठे लक्षात आलं. आपली सेल्फी स्टिक इथेच राहिलीय. पाहिलीस का कुठे?"