करंगळी वाकडी

"मावशी, दिवा जरा जवळ धरा," तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या. झाडूवाल्या मावशींनी दिवा पुढे केला. समोर गुहेच्या चुनखडीच्या भिंतीवर लाल मातीचा एक चिमुकला हात उमटलेला होता. फलकावर लिहिलं होतं, दहा हजार वर्षांपूर्वीचा. तो बघायला शाळाच्या शाळा तिकीट काढून यायच्या.

फलक खोटं बोलतो, हे एकट्या मावशींना ठाऊक होतं. तो हात त्यांच्या लेकीचा होता.

सहा वर्षांची असताना पोर एकदा आईबरोबर कामावर आली आणि आईचा डोळा चुकवून जुन्या हाताशेजारी आपलाही हात उमटवून मोकळी झाली. भारीच आगाऊ. मावशींनी पाठीत धपाटा घातला. तो धपाटा त्यांना अजून सलत होता, कारण त्याच वर्षी पोर तापाने गेली. पुढे साहेबांना भिंतीवर दोन हात दिसले. "नवा तेवढा पुसून टाका," ते म्हणाले. लेकीची करंगळी वाकडी होती. मावशींनी वाकड्या करंगळीचा हात ठेवला आणि दुसरा पुसला. पाप तर पाप. तेव्हापासून बावीस वर्षं, कुलूप घालण्याआधी त्या हातासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "येते गं बाळा."

आणि आता या बाई यंत्र घेऊन आल्या होत्या. खोटं उघडं पडलं की हा हातही जाणार.

"बाई, एवढा पुसू नका हो," मावशींच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या. "पुसला तरी जायचा नाही. अस्सल जुना आहे. वर चुन्याचा थर चढलाय, काचेसारखा. पाण्याने जातो तो ताजा."

दुसरा हात ओल्या फडक्याच्या एका फटक्यात गेला होता. तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. भिंतीवर दाबताना लेकीची करंगळी सरळ उमटली असणार; वाकडी होती ती दुसऱ्याच कुणाची, जुनी. लेकीची एकुलती एक खूण त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती.

संध्याकाळी त्यांनी दिवे घालवले, दार ओढलं, कुलूप लावलं. आज आत कुणाचा निरोप घ्यायचा नव्हता. चार पावलं चालून त्या थांबल्या. परत फिरल्या आणि कुलूप उघडायला लागल्या.

"आत काही राहिलं का, मावशी?" तिकीटवाल्याने विचारलं.

"कुणाची तरी पोर आहे रे," मावशी म्हणाल्या. "रोज सांगून जाते मी. न सांगता गेले तर वाट बघत बसेल."